आयत्या वेळचे विषय

दर महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेपाच.
नगरभवनाच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून,
सायकल सल्लागार मंडळाची सभा भरते.
सात खुर्च्या. गणपूर्तीला चार.
मी सदस्य नाही. मी इतिवृत्त लिहिते
नि कॉफीच्या यंत्रात पाणी भरते.

मंडळाला अधिकार एकच : शिफारस करण्याचा.
म्हणजे पत्र लिहायचं, वर पाठवायचं,
आणि वरून आलेलं पत्र पुढच्या सभेत वाचून दाखवायचं.

व्हर्लिन हाउगेन अध्यक्ष. आयुष्यभर जमिनी मोजल्या,
आता खड्डे मोजतो, खिशातल्या टेपने.
पा हुआ वांग रात्रपाळीच्या आधी येते,
हेल्मेट मांडीवर, हेल्मेटात अर्धं सँडविच.
ट्वायला बोल्यू उणे वीसलाही सायकलनेच येते;
भुवयांवर गोठलेला श्वास वितळेपर्यंत
तिला कोणी काही विचारत नाही.
आल्टन मोटारीने येतो. गुडघे गेलेत.
पण मतदानात हात सगळ्यांत आधी त्याचा.

विषय क्रमांक चार, गेली तीन वर्षं विषय क्रमांक चार :
धान्यकोठारांकडे जाणाऱ्या उतारावरची गटाराची जाळी.
तिच्या फटी रस्त्याच्याच दिशेने धावतात,
चाकाला हव्या तेवढ्या रुंद.
बेकरीतली एक मुलगी पहाटे तिथे पडली.
पा हुआने तिला एक्स-रेला ढकलत नेलं होतं,
दोन दात रुमालात बांधून दिले होते,
आणि सभेत सांगताना म्हणाली, एक नागरिक.
मी लिहिलं : एक नागरिक.

जाळी चौकोनी. चारी बाजू सारख्या, व्हर्लिनने मोजल्यात.
उचलायची, काटकोनात फिरवायची, ठेवायची.
सूचक ट्वायला, अनुमोदक आल्टन, ठराव सर्वानुमते.
वरून उत्तर : अभ्यास सुरू आहे.
पुढच्या वर्षी : अभ्यासाची व्याप्ती ठरवायला
सल्लागार नेमत आहोत.
‘सल्लागारांना सल्लागार,’ ट्वायला म्हणाली.
हे मी लिहिलं; मग खोडलं.

ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आत, एका गुरुवारी रात्री
आम्ही तिथे होतो.
नियम असा, की चार सदस्य कुठेही एकत्र आले
तर ती सभा;
बहात्तर तास आधी सूचना लावायची,
जनतेला बसायला जागा ठेवायची.
म्हणून तिघेच. आणि मी, जी मोजण्यात नाही.
आल्टनला फोनवर बजावलं होतं, तू घरीच थांब.
तो पलीकडच्या वळणावर मोटारीत बसून राहिला,
दिवे आमच्यावर रोखून.
उपस्थितांत धरला नाही.

पहार व्हर्लिनची, बापाच्या शेतावरची.
जाळी हलेना. कडांत कित्येक हिवाळ्यांचं मीठ आणि डांबर.
मग एकदम सुटली,
आणि खालून कुजल्या गव्हाचा वास वर आला,
इतका जुना, की आम्ही क्षणभर टोप्या काढायचेच राहिलो.
गुडघ्यात वाका, पाठीत नको, पा हुआ म्हणाली,
पेशंट उचलताना सांगतात तसं.
अर्धी फिरली तेव्हा व्हर्लिनचा अंगठा सापडला.
तो नॉर्वेजियनमध्ये एकच शब्द म्हणाला,
बहुतेक त्याला येणारा एकमेव.
खण्ण. बसली.

ट्वायलाने तिच्यावरून सायकल नेली.
हळू. मग परत. मग हात सोडून.

नोव्हेंबरची सभा. विषय क्रमांक चार.
वरून आलेलं पत्र वाचण्यात आलं :
प्रत्यक्ष पाहणीत सदर जाळी योग्य दिशेने असल्याचे आढळले,
तरी मंडळाने तक्रारीचा आधार स्पष्ट करावा.
व्हर्लिनने काळं नख टेबलाखाली घेतलं.
शेजारी बॉयलर धडधडला.
आल्टनचा हात वर गेला, मतदान नसतानाच,
आणि खाली करायला तो विसरला.
मी लिहिलं : चर्चा झाली.

उठता उठता ट्वायला म्हणाली,
त्या उतारावर अजून सहा आहेत.

आयत्या वेळचे विषय : निरंक.
टॉर्चचे सेल आणायचेत, एवढं मात्र
मी तळहातावर लिहिलं.